सी फ्युरी टेकऑफला डावीकडे पळतंय, नेमकं उलटं व्हायला हवं ना?

सॉकेटपाना:

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज घोडं अडलंय म्हणून लिहितोय. गेले चार महिने हॉकर सी फ्युरी (ब्रिटिश नौदलाचं जुनं लढाऊ विमान) बनवतोय, एफबी-११, फ्लाइटगिअर या सिम्युलेटरसाठी, फ्लाइट मॉडेल, म्हणजे विमान कसं उडेल त्याचं गणित, जेएसबीसिममध्ये. ब्लेंडरमधलं थ्रीडी काम बऱ्यापैकी उरकलंय, कॉकपिट अर्धवट आहे पण विमान उडतं. मला पिस्टन इंजिनची ही शेवटची नौदलाची विमानं पहिल्यापासून आवडतात, जेट दारात येऊन उभं आणि हे लोक अजून पंख्यावरच्या विमानातून जास्तीत जास्त काय निघतंय ते बघतायत.

तर रडगाणं असं. थ्रॉटल पुढे केला की विमान डावीकडे ओढतं. सगळीकडे वाचलंय की सी फ्युरी उजवीकडे ओढायचं, पायलट डावा रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारा शेपटीवरचा पडदा, पायाने चालतो) दाबून बसायचे. माझं नेमकं उलटं. बरं ओढतं तेही फार नाही, अगदी गरीब गाईसारखं, दोन बोटं रडर दिला की सरळ. अडीच हजार हॉर्सपॉवरचं धूड असं वागेल का हो? दुसरं म्हणजे वेग. खऱ्या विमानाचा कमाल वेग ताशी ४६० मैल, म्हणजे ७४० किमीच्या आसपास, माझं आरामात ५१० मैलांच्या वर जातं आणि अजून थोडं जाईल असं वाटतं. ड्रॅग (हवेचा अडथळा) वाढवून बघितला तर वरचा वेग जागेवर येतो पण मग खाली चढाई मरते आणि लँडिंगला दगडासारखं पडतं. विमान जागेवर उभं असताना रडर काहीच काम करत नाही तेही एक आहेच.

प्रामाणिकपणे सांगतो, इंजिन आणि प्रोपेलरच्या फाइली मी स्वतः शून्यातून लिहिलेल्या नाहीत, माझ्याच जुन्या अर्धवट कॉर्सेअरच्या (एफ४यू-४, अमेरिकन नौदलाचं लढाऊ विमान) होत्या त्या घेऊन आकडे बदललेत. कुठे पाणी मुरतंय?


रडरदाबा:

कुठे मुरतंय ते तूच शेवटच्या ओळीत सांगितलंस की राव. कॉर्सेअरची प्रोपेलर फाइल उचललीस, तिच्यात सेन्स १ असणार, म्हणजे कॉकपिटमधून बघताना पंखा घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. अमेरिकन इंजिनं अशीच. सी फ्युरीचं ब्रिस्टल सेंटॉरस इंजिन उलटं फिरतं. सेन्स -१ कर, पहिला प्रश्न तिथेच मिटला.

हा घोळ फक्त तुझा नाही बरं का, खऱ्या पायलटांचाही झालाय. स्पिटफायरमध्ये मर्लिन होता तोवर उजवा रडर द्यायची सवय, मग ग्रिफन इंजिन आलं ते उलट्या दिशेने फिरणारं, आणि सवयीने उजवा रडर दाबला की विमान धावपट्टी सोडून गवतात. सीफायरमध्ये, म्हणजे जहाजावरच्या स्पिटफायरमध्ये, तर आणखी मजा. जहाजाचं आयलंड, म्हणजे तो डेकवरचा मनोरा, उजव्या बाजूला असतो आणि ग्रिफनवालं सीफायर ओढणार पण उजवीकडेच. म्हणजे टेकऑफला नाक थेट मनोऱ्याकडे. सी फ्युरीलाही तीच खोड. त्यामुळे हे उजवं-डावं म्हणजे नुसती बारीकसारीक गोष्ट समजू नकोस, या विमानाचा स्वभावच त्याच्यात आहे.

आता गरीब गाईबद्दल. टेलड्रॅगरला, म्हणजे शेपटीखाली चाक असलेल्या विमानाला, वळवणारी चार भूतं असतात. टॉर्क (पंख्याच्या उलट दिशेला विमान पिळणारा जोर), पी-फॅक्टर (दोन बाजूंच्या पातींची असमान खेच), पंख्याची वळत मागे येणारी हवा, आणि जायरो (फिरत्या पंख्याचा भोवऱ्यासारखा परिणाम). सेंटॉरसच्या बाबतीत चारही उजवीकडे ओढतात, टॉर्क उजव्या चाकावर वजन टाकतो, शेपूट खाली असताना डावीकडची खाली येणारी पाती जास्त खेचते, गोल फिरत आलेली हवा शेपटीच्या उभ्या पंखाला उजव्या बाजूने मारते, आणि शेपूट उचललीस की त्या क्षणाला जायरोचा एक झटका, तोही उजवीकडे. जेएसबीसिम यातला टॉर्क आणि जायरो आपोआप काढतं, पण जायरो किती हे प्रोपेलरच्या इनर्शियावर (फिरण्याचं जडत्व), म्हणजे फाइलमधल्या आयएक्सएक्सवर ठरतं. तिथे काय आकडा आहे तुझा? पी-फॅक्टरची ओळ आहे का मुळात? आणि वळत्या हवेचं तर तुला स्वतः लिहावं लागतं, ते फुकट मिळत नाही.

रडर उभ्या जागी मेलेला आहे त्याचं कारणही हेच. तुझ्या रडरचा सगळा जोर विमानाच्या वेगावर बांधलेला असणार, वेग शून्य तर रडर शून्य. खऱ्यात पंख्याची हवा शेपटीवर येतच असते. प्रॉप इंड्युस्ड व्हेलॉसिटी (पंख्याने मागे ढकललेल्या हवेचा वेग) नावाची प्रॉपर्टी मिळते, ती विमानाच्या वेगात मिळवून शेपटीवरचा डायनॅमिक प्रेशर (वाहत्या हवेचा दाब) काढ, आणि रडर नि एलेव्हेटर (नाक वर-खाली करणारा पडदा) दोन्ही त्याच्यावर चालव. पूर्ण नको, शेपटीचा काही भागच त्या झोतात असतो, मी साधारण निम्म्याच्या वर-खाली ठेवून हाताने जमवतो.


ब्लेंडरग्रस्त:

सेन्स -१ करायच्या आधी एक सांगून ठेवतो नाहीतर परवा परत येशील. सेन्स फक्त गणितापुरता असतो, दिसणारा पंखा फिरवायचं ॲनिमेशन वेगळं. ते पण उलटं करावं लागेल. आणि त्याच्याहून महत्त्वाचं, पंख्याची पाती पण कॉर्सेअरचीच उचललीयस का रे?? कारण मग त्यांचा पीळ उलटा आहे. नुसतं फिरवायची दिशा बदललीस तर तुझं विमान हवा पुढे फेकतंय असं दिसेल.

मी हे स्वतः केलंय. दोन आठवडे मॉडेल सगळीकडे मिरवलं, वा वा झाली, आणि मग एकाने शांतपणे लिहिलं की पाती उलटी आहेत. त्या दिवशी कॉम्प्युटर बंद करून झोपलो.

समोरून काढलेला जमिनीवरच्या विमानाचा फोटो घे. समोरून बघताना सी फ्युरीचा पंखा घड्याळाच्या दिशेने फिरतो, म्हणजे वर उभ्या असलेल्या पातीची जाड गोल कड, जी हवा कापत जाते ती, तुझ्या उजव्या हाताला यायला पाहिजे. कॉर्सेअरच्या फोटोत तीच डावीकडे. ब्लेंडरमध्ये पाती एक्स अक्षावर -१ ने स्केल कर, स्केल अप्लाय कर, आणि मग नॉर्मल (पृष्ठभागाचं तोंड कुठे ते ठरवणारी दिशा) परत बाहेरच्या बाजूला फिरव, नाहीतर गेममध्ये पाती आरपार दिसतील. आणि पाती पाच आहेत, रोटॉल कंपनीच्या. कॉर्सेअर-४ च्या चार. हे तरी केलं असशील.

थ्रीडीवर आलोच आहोत तर दोन गोष्टी, रागवू नकोस. इंजिनच्या पुढच्या तोंडातून आत बघितलं की कॉर्सेअरच्या अमेरिकन आर-२८०० इंजिनमध्ये प्रत्येक सिलिंडरपुढे पुशरॉडच्या दोन नळ्या दिसतात. सेंटॉरस स्लीव्ह व्हॉल्व्हचं इंजिन आहे, सिलिंडरच्या आत एक बाही सरकत-वळत भोकं उघडते आणि मिटते, त्यामुळे पुशरॉड नाहीत, नळ्या नाहीत, समोरून एकदम साफ दिसतं. खूप जणांच्या मॉडेलमध्ये बिनधास्त आर-२८०० चं टेक्श्चर चिकटवलेलं असतं आणि ओळखणाऱ्याला ते लगेच टोचतं. आवाज पण वेगळा आहे, व्हॉल्व्हची खडखड नाही, एक भरीव घरघर येते. कॉर्सेअरची साउंड फाइल लावली असशील तर ती पण काढ.

दुसरं, पंख. हॉकरच्याच आधीच्या टेम्पेस्ट विमानाचे पंख घेऊन सी फ्युरी करायचा मोह होतो कारण घराणं एकच. पण सी फ्युरीत मधला सेंटर सेक्शन काढून दोन्ही पंख मध्यरेषेवर जोडलेत, त्यामुळे पूर्ण पंखांचा पसारा कमी. टेम्पेस्टचा पंख तसाच लावला तर चाकं पण भलत्याच जागी येतात.


प्रॉपवॉश:

वेगाबद्दल कोणी बोललंच नाही म्हणून मी बोलतो. ड्रॅग वाढवू नका, ड्रॅग बिचाऱ्याची चूक नाहीये. मला एक सांगा, तुमचं विमान सगळ्यात जास्त वेगाने कुठल्या उंचीला जातं?


सॉकेटपाना:

@रडरदाबा @ब्लेंडरग्रस्त दोघांनाही दंडवत. पाती उलटी होती. पाच होती पण पाचही उलटी. चार महिने रोज बघतोय आणि एकदाही दिसलं नाही.

@प्रॉपवॉश, आत्ताच चाचणी घेतली, २६ हजार फुटांच्या आसपास सगळ्यात जास्त मिळतो. का?


प्रॉपवॉश:

हं, वाटलंच. २६ हजार फूट ही कॉर्सेअरची सही आहे. एफ४यू-४ चा कमाल वेग ताशी ४४६ मैल, आणि तो २६,२०० फुटांवर. सी फ्युरीचा ४६० मैल पण तो १८ हजार फुटांवर. हा फरक विमानाच्या अंगाचा नाही, सुपरचार्जरचा, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंपाचा आहे. कॉर्सेअर-४ मध्ये दोन टप्प्यांचा सुपरचार्जर, आधी न्यूट्रल, मग लो, मग हाय, त्यामुळे वरच्या पातळ हवेतही ते इंजिन दम धरून राहतं. सेंटॉरसमध्ये एकच टप्पा आणि दोन गती. म्हणजे खाली रेडा, वर गेलं की १८ हजारांनंतर धाप लागते. तुम्ही हॉर्सपॉवरचा आकडा सेंटॉरसचा टाकला, पण फुप्फुसं कॉर्सेअरचीच ठेवली. मग वर पातळ हवेत ड्रॅग कमी आणि ताकद तशीच, पळणारच की ते.

इंजिनच्या फाइलमध्ये नमबूस्टस्पीड्स ३ असेल, तो २ करा. रेटेड अल्टिट्यूड (जिथवर पूर्ण ताकद टिकते ती उंची) दोन्ही गिअरसाठी खाली आणा. रेटेड बूस्ट (सुपरचार्जरचा वातावरणापेक्षा जास्तीचा दाब) तिथे पीएसआयमध्येच मागतात, त्यामुळे ब्रिटिश आकडा सरळ टाकता येतो, एवढी एक गोष्ट तरी ब्रिटिश विमानवाल्यांच्या सोयीची आहे. मात्र मॅक्स एमपी (इंजिनात जाणाऱ्या हवेचा कमाल एकूण दाब) पाऱ्याच्या इंचांत लागतो. तिथे +८ पौंड बूस्टला ८ लिहिलंत तर इंजिन मरेल. ८ ला साधारण २ ने गुणा, वातावरणाचे जवळपास ३० मिळवा, ४६ इंच. हे नीट वाचा कारण इथे मी स्वतः एक अख्खा रविवार घालवलाय, इंजिन सुरू का होत नाही म्हणून.

आता दुसरी बाजू, पंख्याची टोकं. हे शेवटच्या पिस्टन विमानांचं खरं दुखणं आहे आणि सिममध्ये बहुतेक लोक ते विसरतात. सी फ्युरीच्या पंख्याचा व्यास १२ फूट ९ इंच. इंजिन २,७०० आरपीएमला, मध्ये गिअर, म्हणजे पंखा मिनिटाला साधारण १,२०० फेरे. टोकाचा फिरण्याचा वेग झाला सेकंदाला जवळपास २४४ मीटर. त्याच वेळी विमान पुढे जातंय ७४० किमीने, म्हणजे सेकंदाला २०५ मीटर. दोन्हींचा काटकोनातला हिशोब केला की टोक हवेत चाललंय सेकंदाला ३१९ मीटरने. आणि १८ हजार फुटांवर आवाजाचा वेग किती? तोही ३१९ च्या आसपास! म्हणजे विमान अजून आवाजाच्या पावणेदोन तृतीयांशावर आहे आणि पातीचं टोक भिंतीला जाऊन धडकलंय. त्याच्या पुढे इंजिनात कितीही ताकद ओता, पंखा ती हवेत आवाज करून उडवतो, खेच वाढत नाही.

जेएसबीसिमच्या प्रोपेलर फाइलमध्ये सीटी-माक आणि सीपी-माक नावाची दोन टेबलं देता येतात, टोकाच्या माकप्रमाणे (आवाजाच्या वेगाच्या किती पट) खेच आणि लागणारी ताकद किती बदलते त्याची. तुमच्या फाइलमध्ये ती नसणार. टाका. साधारण ०.८५ पर्यंत १ ठेवा आणि मग खेच हळूहळू उतरवा. ही दोन कामं केली की ड्रॅग मूळ जागी ठेवा, माझी पैज, वेग दहा मैल इकडे-तिकडे बसेल आणि लँडिंगही सुधारेल.


रडरदाबा:

"पावणेदोन तृतीयांश" हे माप पहिल्यांदाच ऐकलं 😄 ०.६५ म्हणा की सरळ.

बाकी प्रॉपवॉश बोलतायत ते शंभर टक्के. आयएक्सएक्सबद्दल माझं राहिलं होतं. पातीला सरळ दांडा धरून वजन गुणिले लांबीचा वर्ग भागिले ३ करू नकोस, जास्त येतं. पात बुडाशी जाड आणि टोकाला पातळ असते, वजन बहुतेक आतच असतं. आणि एकक स्लग-फूट वर्ग, किलोचा आकडा तसाच टाकलास तर टेकऑफला शेपूट उचलताच विमान भोवऱ्यासारखं फिरेल. मग म्हणशील गरीब गाय बरी होती.


डेकवरचा:

उशिरा आलो पण मुद्दा वेगळा आहे. तुम्ही सगळे कमाल वेग आणि टेकऑफ यातच अडकलात, जहाजावरचं विमान करतोय म्हटल्यावर खरी परीक्षा शेवटच्या वीस सेकंदांत आहे ना, हळू वेग, नाक वर, चाकं आणि फ्लॅप खाली. तिथे मॉडेल खोटं असेल तर वरचे ४६० मैल कोण मोजतंय.

माझी चाचणी सांगतो, प्रत्येक मॉडेलवर करतो. तीन-चार हजार फुटांवर जा, चाकं खाली, फ्लॅप पूर्ण, स्टॉलच्या (वेग कमी पडून पंखांची उचल सुटते त्याच्या) जरा वर वेग धर, आणि मग एकदम थ्रॉटल पूर्ण पुढे ठोक, रडर-ॲलेरॉनला (ॲलेरॉन म्हणजे विमान कुशीवर वळवणारे पंखांवरचे पडदे) हात लावू नकोस. सी फ्युरीने उजवीकडे लोळायला पाहिजे, आणि चांगलंच. कॉर्सेअरने डावीकडे. नुसतं नाक वर करून शांतपणे चढायला लागलं तर समज की ताकद आहे पण टॉर्क नाही. डेकजवळ वेव्हऑफ (उतरू नको, परत वर जा हा इशारा) मिळाला की नवशिक्या पायलट घाबरून हेच करायचा. कॉर्सेअर उलटं होऊन डावीकडे पाण्यात, आणि सी फ्युरीच्या उजवीकडे काय आहे ते रडरदाबा यांनी वर सांगितलंयच.

कॉर्सेअरचा आणखी एक अवगुण होता, डावा पंख आधी स्टॉल व्हायचा. त्यावर उपाय काय केला, तर उजव्या पंखाच्या पुढच्या कडेवर बंदुकांच्या बाहेर एक छोटी पट्टी ठोकली, म्हणजे उजवाही तेवढ्याच लवकर स्टॉल होईल. चांगल्या पंखाला बिघडवून जोडी जमवली! तुझ्या जुन्या कॉर्सेअरमध्ये ती पट्टी आहे का बघ, मॉडेलमध्येही आणि गणितातही.

अजून एक. हल्लीच्या सिममधून आलेले लोक जेटच्या सवयीने डेकला चाक टेकताच फुल थ्रॉटल देतात, हूक सुटला तर परत उडता यावं म्हणून. ती सवय तिरप्या डेकची. या विमानांच्या काळात डेक सरळ होता, पुढे विमानाचा हूक धरणाऱ्या तारा, त्याच्या पुढे बॅरियर, आणि बॅरियरपलीकडे उभी केलेली विमानं. "कट" चा इशारा मिळाला की थ्रॉटल पूर्ण मागे आणि विमान खाली बसवायचं, परत उडणं हा पर्यायच नाही. म्हणून तुझ्या इंजिनने थ्रॉटल मागे घेतल्यावर किती झटकन ताकद सोडली पाहिजे आणि पाच पात्यांचा पंखा बारीक पिचला (पातींचा कमी कोन) येऊन ब्रेकसारखा कसा धरतो, ते बघ. तू लिहिलंयस लँडिंगला दगडासारखं पडतं, त्यातलं सगळंच चूक नसेलही.

आणि एलएसओचा, म्हणजे डेकवर उभं राहून हातवाऱ्यांनी विमान उतरवून घेणाऱ्या अधिकाऱ्याचा, स्क्रिप्ट लिहिणार असशील तर सांभाळून. ब्रिटिशांचा बॅट्समन (त्यांचा एलएसओ) पायलटला काय कर ते सांगायचा, अमेरिकन एलएसओ तू कसा आहेस ते सांगायचा. म्हणजे हात वर केले की ब्रिटिश अर्थ "वर जा" आणि अमेरिकन अर्थ "तू वर आहेस". नेमका उलटा! पुढे ब्रिटिशांनी अमेरिकन पद्धत घेतली. एकाने सीफायरच्या जुन्या मिशनमध्ये अमेरिकन स्क्रिप्ट घातला होता, मी तीनदा समुद्रात गेलो तेव्हा कळलं.


नवखा_वैमानिक:

मध्येच विचारतो, मला पण असं काहीतरी करायचंय पण हे वाचून घाम फुटला. सोपं कुठलं? बेअरकॅट घेऊ का? की ते एकमेकांच्या उलट फिरणारे दोन पंखे असलेलं सीफायर, त्यात टॉर्कच नाही म्हणे.


प्रॉपवॉश:

बेअरकॅट घ्या. आर-२८०० इंजिन, त्याची माहिती ढिगाने मिळते, आणि विमान लहान. ग्रमन या अमेरिकन कंपनीने असलेल्या इंजिनाभोवती जमेल तितकं हलकं विमान बांधलं, रिकामं वजन ३,२०० किलोच्या आसपास. १९४६ मध्ये उभ्या जागेवरून १० हजार फूट ९४ सेकंदांत गाठलं होतं. तुमच्याकडे चाचणीला हा आयता आकडा, घड्याळ लावा आणि बघा. फक्त ते विमान त्या दिवशी हलकं केलेलं होतं, भरल्या टाकीनं तो आकडा गाठायला जाल तर मॉडेल बिघडवून बसाल.

पंखांची टोकं तुटायची भानगड पहिल्या मॉडेलमध्ये घालू नका. वजन वाचवायला ग्रमनने पंखांची टोकं अशी केली होती की जास्त जी (जोरात वळताना पंखांवर येणारा भार) पडले तर ती ठरल्या जागी तुटतील आणि बाकीचा पंख वाचेल. कल्पना हुशार, पण कधी एकच टोक तुटायचं. दुसरं पण लगेच तुटावं म्हणून स्फोटक लावून बघितलं, शेवटी नाद सोडला.


रडरदाबा:

त्या दोन पंख्यांच्या सीफायर ४७ बद्दल, टॉर्क नाही हे खरं पण सोपं नाही. जेएसबीसिममध्ये एका इंजिनाला एकच पंखा लागतो, त्यामुळे निम्म्या ताकदीची दोन इंजिनं एकाच जागी ठेवून एकाला सेन्स १ आणि एकाला -१ असा जुगाड करावा लागतो, मग दोन्हींचे आरपीएम आणि इंधन एकत्र बांधायचं. उडवायला मात्र लोणी. रॉयल नेव्हीच्या ८०० स्क्वाड्रनने १९५० मध्ये ट्रायम्फ जहाजावरून कोरियन युद्धात ती वापरली, पण डेकवर आपटलं की मागचं अंग चुरगळायचं, शेवटी मूळ घराणं जमिनीवरच्या स्पिटफायरचं. सी फ्युरी त्यामानाने दणकट. ते काम करून गेलं, १९५२ च्या ऑगस्टमध्ये ओशन जहाजाच्या ८०२ स्क्वाड्रनने मिग-१५ पाडलं ते याच विमानांनी.


सॉकेटपाना:

तीन रात्री गेल्या, हे घ्या निकाल. नमबूस्टस्पीड्स २, माकची दोन्ही टेबलं घातली, ड्रॅग मूळ जागी. कमाल वेग ताशी ४६६ मैल, १८,५०० फुटांवर. प्रॉपवॉश, पैज जिंकलात.

टेकऑफ आता उजवीकडे. पहिल्यांदा आयएक्सएक्समध्ये खरंच किलोचा आकडा टाकला होता 🙈 रडरदाबांनी सांगूनही. शेपूट उचलली आणि विमान गर्रकन मनोऱ्यात. दुरुस्त केल्यावर मात्र मजा येतेय, थ्रॉटल हळूहळू पुढे, डावा पाय दाबत न्यायचा, शेपूट उचलताना अजून थोडा, आणि मग वेग आला की पाय सैल. पूर्ण ताकद एकदम दिली तर पाय पुरत नाही. आधी ट्रिम (रडर एका बाजूला धरून ठेवणारी सोय) डावीकडे फिरवून घेतला की पुरतो.

डेकवरचा यांची चाचणी पण केली. विमान उजवीकडे लोळलं आणि सावरायला ८०० फूट गेले. हे जास्त आहे की बरोबर?


डेकवरचा:

आठशे फूट पटतात. पण ॲलेरॉनने सावरलंस की रडरने? त्या वेगाला ॲलेरॉन दिला की खाली गेलेला पंख आणखी स्टॉल व्हायला पाहिजे. ॲलेरॉनने सरळ होत असेल तर तिथे अजून काम आहे.


सॉकेटपाना:

ॲलेरॉनने. बसतो परत.